गुरुवारची हाक

प्रमिला,

तू सोमवारी पहाटे गेलीस, आणि गुरुवार तुझा होता.

माणूस गेल्यावर लगेच असले विचार मनात आणू नयेत म्हणतात. मी आणले. हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, तुझे मेश्रामभाऊ भिंतीला टेकून उभे होते, तुझा पुतण्या वर्ध्याला फोन करून कळवत होता, आणि माझ्या डोक्यात एकच: गुरुवारी पोरांना जेवायला कोण घालणार? रडू घरी आल्यावर आलं, आणि पोटभर आलं. पण आधी गुरुवार आला. तुला याचा राग येणार नाही, मला ठाऊक आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘बरोबर आहे, रडून काय दाळ शिजते?’

तर त्या गुरुवारचंच सांगायला बसले आहे. पण सरळ मुद्द्यावर आले तर मी शनिवार पेठेत वाढलेली कसली? आणि या वेळी तुला मधे बोलता येणार नाही. इतक्या वर्षांत अशी संधी मला कधी मिळाली नव्हती, त्यामुळे पहिल्यापासून सांगणार आहे.

पहिल्यापासून म्हणजे तुझ्या गॅलरीपासून. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीतून सोसायटीचं पार्किंगही दिसतं आणि भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्याही. धायरी गाव होतं तेव्हा तिथे म्हणे गोठे होते. आता यवतमाळ, वाशीम, हिंगोलीकडून कामाला आलेली माणसं भाड्याने राहतात. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दोन्हीकडची पोरं पार्किंगमध्ये खेळायची, आणि दुपारी हाका सुरू व्हायच्या. कुणी खिडकीतून, कुणी जिन्यातून, कुणी भिंतीपलीकडून. ‘सोहम, वर ये, ताट वाढलंय.’ ‘ऊर्वी, पुन्हा सांगणार नाही हं.’ सगळी पोरं एकजात ओरडायची, ‘आले गं, पाच मिनिटं!’ आणि आयांना दुसऱ्यांदा हाक मारायला लावायची. हे इतकं रोजचं होतं की त्याकडे कोण लक्ष देणार? तू दिलंस. तू मिरच्या वाळत घालत होतीस आणि तुला एक हाक कमी ऐकू आली.

मागच्या खोल्यांमधल्या सुनीताची पोरगी, प्रगती. तेव्हा दुसरीत असेल. सगळे जायला लागले की ती म्हणायची, ‘मला पण आई बोलावतेय,’ आणि धाकट्या भावाचा हात धरून निघायची. तिला कुणीच बोलावलेलं नसायचं. सुनीता तेव्हा कुठल्याशा पॅकिंगच्या कामाला गेलेली असायची. ती दोघं पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. बाकीची पोरं परत आली की हीसुद्धा यायची, तोंड पुसत.

ते तोंड पुसणं तू आठवडाभर पाहिलंस आणि मग माझ्याकडे आलीस. चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

‘नीला, ती पोरगी जेवून आल्यासारखं तोंड पुसते.’

‘कोण पोरगी? आणि चपला काढ.’

‘कालच मला विचारून राहिली होती, आजी, शाळा कधी उघडणार म्हणून. मे महिन्यात शाळा कधी उघडणार म्हणून विचारणारं पोर एक तर फार हुशार असते, नाही तर उपाशी.’

मग मला उलगडलं. शाळेत दुपारची खिचडी मिळते, सुट्टीत ती बंद. सुनीताचा नवरा ज्या वर्कशॉपमध्ये होता ते बंद पडलेलं, तो मिळेल त्या कामाला जायचा, कधी मिळायचं नाही. रेशनकार्ड गावाकडे सासऱ्यांच्या नावावर. घरात रात्री एकदा चूल पेटायची, आणि दुपार टाकीमागे बसून काढायची. आणि हे एकाच खोलीचं नव्हतं. तू चौकशी करत गेलीस तसं कळत गेलं. बाकीच्यांची पोरं खेळायलाच येत नव्हती, म्हणून आपल्याला दिसत नव्हती, एवढंच.

एवढ्यात हे आपल्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं आणि त्यांच्यातला समाजसेवक जागा झाला. धान्याच्या पिशव्या आणल्या, चांगल्या भरपूर आणल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पिशवीशेजारी प्रगतीला उभं करून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर हात जोडल्याची चित्रं. दुसऱ्या दिवसापासून प्रगती खेळायला आली नाही. तिसऱ्या दिवशी खोलीचं दारसुद्धा दिवसभर लावलेलं. पिशवीतलं धान्य संपेपर्यंत खाल्लं असेल त्यांनी, पण पोरांचा खेळ गेला.

तू सेक्रेटरींच्या दारात गेलीस तेव्हा मी मागे होते. मला वाटलं, आता हिचा आवाज सिंहगडावर ऐकू जाणार. पण तू अगदी हळू म्हणालीस, ‘मला एक वाटी साखर पाहिजे होती.’ त्यांनी आणून दिली. तू वाटी हातात धरून तिथंच उभी राहिलीस. ‘काढा नं आता माझा फोटो. मेश्रामबाईंना साखर दिली म्हणून टाका ग्रुपवर.’ बिचारे सेक्रेटरी. त्यांनी तुझ्यासमोर तो फोटो पुसून टाकला, आणि साखर तू परत दिली नाहीस. त्या साखरेचा चहा आपण दोघींनी प्यायला. आजतागायत तितका चांगला चहा मी प्यायले नाही.

त्या चहावरच आपलं पहिलं भांडण झालं. तू म्हणालीस, पोरांना आळीपाळीने घरोघरी जेवायला घालू, एकेक दिवस एकेका घराचा. मी म्हटलं, म्हणजे वार लावून जेवायचं. तुला तो शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं की जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी असेच शिकायचे, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. आमचे आजोबा असेच शिकले. पुढे चांगले हेडमास्तर झाले, घर बांधलं, पण आयुष्यात कधी स्वतःच्या घरातसुद्धा दुसऱ्यांदा भात मागितला नाही. वाढला तर जेवत, नाही तर हात धुऊन उठत. आजी न विचारता वाढायची. मी तुला म्हटलं, तुझ्या या वाराने पोरांचं पोट भरेल आणि दुसरंच काहीतरी कायमचं उपाशी राहील. मला हे पटत नाही, आणि मी यात नाही.

तू उरलेला चहा एका घोटात संपवलास. मग विचारलंस, ‘त्यांना कुठं बसवायचे?’

‘स्वयंपाकघराच्या दाराशी. घरच्यांचं झाल्यावर.’

‘एकट्याला?’

‘एकट्यालाच. आणखी कुणाला बसवणार?’

‘मग चूक वाराची नाही, नीला. एकट्याला बसवायची आहे. ते मला नको सांगू. आमच्या आईला लग्नाघरी जेवायला बोलवायचे, तेव्हा तिचं पान गोठ्याजवळ मांडायचे. जेवण चांगलं असे, बुंदी असे. आईनं ती बुंदी कधी आमच्यासाठी घरी आणली नाही.’

आपल्या मैत्रीला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती आणि हे तू मला पहिल्यांदा सांगत होतीस. मग तूच म्हणालीस, ‘सगळ्याच पोरांना बसवू. भिंतीच्या इकडची, तिकडची, सगळी. एकाही घरात दुपारी पोरांसाठी वेगळं ताट वाढायचं नाही. मग कोण कुणाकडे जेवून राहिलं हे शोधून दाखव मला.’

आता सांगायला हरकत नाही, मला ते तेव्हाच पटलं होतं. पण लगेच हो म्हटलं असतं तर तू चढून बसली असतीस, म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबले.

नियम तुझेच. पार्किंगमध्ये सतरंजी, एकच ओळ. ताट-वाटी ज्याने त्याने आपल्या घरून आणायची. ज्याचा वार त्याने रांधायचं आणि ज्याचा वार त्यानेच हाक मारायची. हाक नावाने नाही, सगळ्यांना मिळून. आणि कोठी. तुझ्या घरातला तो मोठा पत्र्याचा डबा, त्याला तू कोठी म्हणायचीस. प्रत्येक घराने जमेल तेवढं धान्य त्यात टाकायचं, कुणी किती टाकलं ते कुणी बघायचं नाही, आणि ज्याचा वार त्याने त्यातलंच घेऊन रांधायचं. घरात दुसरं कितीही चांगलं असलं तरी कोठीतलंच.

या शेवटच्या नियमावरून मी तुझ्याशी तीन उन्हाळे भांडले. माझ्याकडे भोरहून आणलेला आंबेमोहोर असताना मी पोरांना त्या कोठीतला मिसळीचा तांदूळ का घालायचा? ‘कोठीत टाक तुझा आंबेमोहोर,’ तू म्हणायचीस. आंबेमोहोर आणि जाडा तांदूळ एकत्र? भाताचा लगदा होतो, अर्धा शिजतो, अर्धा तसाच राहतो, हे मी तुला शास्त्रशुद्ध समजावलं. तू म्हणायचीस, ‘पुणेकर, भात खायचा आहे का त्याचं प्रगतीपुस्तक भरायचं आहे?’ आपला हा वाद संपला नव्हता. तू हॉस्पिटलमधून शेवटचा फोन केलास तो रविवारी, त्यातही दोन वाक्यं याच्यावरच होती.

पहिल्या दिवशी आठवतं ना काय झालं? दुसऱ्या मजल्यावरची ती आयटीतली मुलगी, ऊर्वीची आई, खाली आली आणि म्हणाली, ‘काकू, कन्सेप्ट छान आहे, पण ऊर्वी भाकरी खात नाही, तिला टेक्स्चरचा प्रॉब्लेम आहे.’ तू म्हणालीस, ‘हो का? बसू दे नुसती.’ ऊर्वीने शेजारच्या पोराशी पैज लावून दीड भाकरी खाल्ली आणि वर पिठल्याची वाटी बोटाने पुसली. तिच्या आईने त्याचा व्हिडिओ काढला, मग तुझ्याकडे बघून फोन पर्समध्ये ठेवला. पुढच्या आठवड्यात शनिवार तिने मागून घेतला.

प्रगती मात्र पहिल्या दिवशी दारातच उभी होती. फोटो विसरली नव्हती. तू काही तिला आणायला गेली नाहीस. मला म्हणालीस, आपण गेलो तर ती पाहुणी होईल. मग ऊर्वीच भिंतीच्या फटीतून पलीकडे गेली आणि ‘अगं चल ना, माझी जागा जाईल’ म्हणत तिला ओढून घेऊन आली. मागोमाग धाकटा, हातात ताटलीऐवजी डब्याचं झाकण. तू झाकणातच वाढलंस. त्या दिवसापासून टाकीमागे कुणी बसलं नाही.

आणि मग सुनीता आली, वार मागायला.

त्या भांडणात मात्र मी तुला काय काय बोलले. तिला स्वतःच्या घरी दोन वेळचं जमत नाही आणि तू तिला पंचवीस पोरांचं रांधायला लावणार? एक दिवस कामाला दांडी मारली तर त्या दिवसाचे पैसे तिला कोण देणार आहे? हा तुझा मोठेपणा आहे आणि त्याची किंमत ती मोजणार आहे, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, ‘मग तिची पोरं रोज जेवायला येतील आणि ती कुणालाच जेवू घालणार नाही? किती दिवस?’ मी म्हटलं, परिस्थिती सुधारेपर्यंत. तू म्हणालीस, ‘तुझ्या आजोबांची सुधारली होती नं?’

मी दार लावून घेतलं. आपण चार-पाच दिवस बोललो नाही. जिन्यात समोर आलीस तर मी पायपुसणं झटकत बसायचे.

मंगळवार सुनीताला मिळाला. ती पहाटे कामाच्या आधी उठून तयारी करून गेली, मालकाला सांगून दुपारची सुट्टी घेऊन आली, आणि कोठीतल्या तांदळाचा तिने तिच्या गावाकडचा गोळाभात केला. भातात शिजवलेले हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे, वरून हिंगाच्या फोडणीचं तेल. मी माझ्या खिडकीतून बघत होते, रागात होते ना, खाली कशी जाणार? सगळं मांडून झालं. आता हाक. सुनीता खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. तू तुझ्या गॅलरीत होतीस. तू मारली असतीस ती हाक, तुझ्या गळ्यापर्यंत आलेली मला दिसत होती. पण तू कठडा धरून गप्प उभी राहिलीस.

मग ती म्हणाली, ‘चाला रे पोरांनो. जेवाले चाला.’ पुन्हा, मोठ्याने. ‘प्रगती, चाल वं.’

पोरं पळाली. प्रगती पळाली नाही. ती लंगडीच्या रिंगणात एका पायावर उभी होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही आणि ओरडली, ‘आले गं, पाच मिनिटं!’

सुनीताला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. या वेळी चिडून, बाकीच्या आयांसारखी. मी वर बघितलं तर तू ओढणीने डोळे पुसत हसत होतीस, आणि तूही नेमकी त्याच वेळी खाली माझ्याकडे बघितलंस. मी खिडकी लावून घेतली. मग वाटी घेऊन खाली आले आणि दोनदा भात मागून घेतला. तू म्हणालीस, ‘काहून, शनिवार पेठेत जेवण नाही झालं आज?’ तेवढ्यावर भांडण मिटलं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एकटीसाठी धड रांधतच नव्हते. दूध-पोळी, नाही तर सकाळचा चहा लांबवत दुपारपर्यंत. लग्न केलं नाही, आई होती तोवर तिच्यासाठी व्हायचं. तुला हे दिसलं असणार, तुला सगळंच दिसायचं. कारण तू गुरुवारी पोरांना हाक मारून झाली की गॅलरीतून थोडी वाकायचीस आणि वेगळी हाक मारायचीस, ‘ए पुणेकर, जेवायला ये.’ मी दर वेळी म्हणायचे, कशाला ओरडतेस, सगळी सोसायटी ऐकतेय. प्रमिला, मी ताट हातात घेऊन दाराच्या आत उभी असायचे. बुधवारपासून वाट बघायचे. हे तू असताना सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू ते साऱ्या धायरीला ऐकवलं असतंस.

आता गुरुवार.

मंगळवारी, बुधवारी पंगत झाली. पोरं मुकाट जेवून गेली. तुझ्या घरी माणसं येत-जात होती, शुक्रवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. गुरुवारी सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ‘आजची पंगत होणार नाही. मेश्राम कुटुंबीय दुःखात आहेत, कृपया सर्वांनी समजून घ्यावे.’ अगदी शुद्ध लिहिलं. मला मनापासून वाटलं की हेच योग्य आहे. आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. तुझा वार चुकला की मग पुढचा चुकेल, कुणाला तरी काम निघेल, कुणी गावाला जाईल, आणि शाळा उघडायच्या आधीच सतरंजी गुंडाळली जाईल. दुसऱ्या बाजूने वाटत होतं की तुझ्या वाराला हात लावायची कुणाचीच लायकी नाही, माझी तर नाहीच.

सुनीता आली. या वेळी चपला न काढता आत येणारी ती.

‘काकू, ते ग्रुपवर लिहिलं ते पुसा.’

‘अगं, त्यांच्या घरात...’

‘माहीत आहे. मीही रडून राहिली दोन दिवस. पण पोरांना काय सांगू? आज भूक लागू देऊ नका म्हणून सांगू?’

आम्ही दोघी तुझ्याकडे गेलो. मला वाटलं, मेश्रामभाऊंना कसं विचारायचं. विचारावं लागलंच नाही. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, कोठीचं झाकण उघडून ठेवलेलं, आणि ओट्यावर भरड्याची पिशवी. आदल्या दिवशी स्वतः गिरणीत जाऊन दळून आणलेला. तुझे नवरोबा, ज्यांना गॅस कुठल्या बाजूला चालू होतो हे माहीत नव्हतं.

‘गुरुवार आहे नं आज?’ ते म्हणाले. ‘मग? गोळाभात असते.’

मी फोन काढून ते शुद्ध मराठी पुसून टाकलं.

कोठीत वाकून बघितलं तर तांदूळ तळाला गेलेला. मग मी घरी आले आणि आंबेमोहोरचा डबा उचलला. तुझ्या स्वयंपाकघरात नेऊन तो कोठीत ओतला, सगळा. वर सुनीताने घरून आणलेला जाडा तांदूळ, त्यावर ऊर्वीच्या आईचा कसला तो लांब शिताचा, त्यावर सेक्रेटरींनी स्वतः, फोटो न काढता, आणलेली पिशवी. मी हाताने ढवळलं. तू जिंकलीस. आणि तुझ्या माहितीसाठी सांगते, भाताचा लगदाच झाला. मी म्हणत होते तसाच.

गोळे सुनीताने वळले. फोडणी मेश्रामभाऊंनी घातली. हिंग जरा जळला, पण मी बोलले नाही. माझ्यासारखीने हे बोलायचं टाळलं, यावरून प्रसंग किती मोठा होता ते समज. सतरंजी घातली, पातेली खाली नेली. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनासुद्धा कुणी तरी सांगितलं होतं. ओळ पार्किंगच्या बाहेर गेटपर्यंत जाणार होती.

आणि पोरं येईनात. भूक लागलेली, वास सुटलेला, ताटं हातात, पण सगळी आपापल्या दाराशी, जिन्यात, भिंतीजवळ थांबलेली. कारण गुरुवारची हाक झाली नव्हती. एकेक करून सगळ्यांची नजर तुझ्या गॅलरीकडे गेली. मेश्रामभाऊ पळी हातात घेऊन वर बघत होते, सुनीता पण. मला ते सोसवलं नाही. मी तूप आणते म्हणून सांगितलं आणि माझ्या घरात आले, दार लावलं, आणि ओट्याला धरून उभी राहिले. तूप समोरच होतं.

तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी धडाधडा वर धावत गेल्याचा आवाज आला.

आणि मग तुझ्या गॅलरीतून हाक आली, प्रमिला. पातळ आवाज, पण कसला दमदार. ‘ए पोरांनो! चला सगळे! जेवायला या!’

प्रगती होती. आता पाचवीत गेली, माहीत आहे ना तुला, उंच झाली. तुझ्यासारखीच कठड्यावर दोन्ही हात टेकून, वाकून. खाली एकदम गलका झाला, ताटं वाजली, कुणीतरी ‘माझी जागा, माझी जागा’ करत पळालं. भिंतीपलीकडून, गल्लीतून, पोरं नुसती आली. मी खिडकीशी गेले. मला ओळ शेवटपर्यंत दिसतच नव्हती. इतकी पोरं तुझ्या एकाही गुरुवारी नव्हती, हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं असतं आणि तू खूश झाली असतीस.

मी डोळे पुसले, ताट घेतलं. तुझ्या घराकडून आता दुसरी हाक येणार नाही, ही गोष्ट मनाशी पक्की केली आणि दाराकडे निघाले.

‘पुणेकर आजी! जेवायला या!’

सगळ्या सोसायटीने ऐकलं. मी ताट हातात घेऊन दाराच्या आत उभी होते, नेहमीसारखी. लगेच बाहेर जाता आलं असतं. पण मी काय म्हणाले, ऐक.

मी म्हणाले, ‘आले गं, पाच मिनिटं.’

आणि तिने दुसऱ्यांदा हाक मारली.